डाव्या दंडावरचे आकडे

१२ फेब्रुवारी १९४७, उंब्रज

लढाई संपली आणि सरकारनं आमच्यासारख्या डॉक्टरांना पाठीवर थाप मारून घरी धाडलं. पुण्याला लष्कराचं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात मला रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र मिळालं. पत्र्याची पेटी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, हवा भरायचा रबरी फुगा, सगळं शाबूत. शरयू म्हणाली, "शिवणयंत्र बघायला गेला होतात ना? आता ह्याच्यावर माझी चोळी कशी शिवायची ते सांगा." आमच्या घरात मला एवढाच मान आहे.

पण मनात काय आहे ते इथं लिहून ठेवतो. मोठ्या माणसाचा रक्तदाब किती असावा हे कोणीही सांगेल. पोरांचा किती असावा? आठ वर्षांच्या पोराचा, पंधरा वर्षांच्या पोराचा? पुस्तकात आहेत ते आकडे विलायतेच्या पोरांचे, लोणी-अंडी खाणाऱ्यांचे. भाकरी आणि खर्डा खाऊन शाळेत येणाऱ्या पोराचा रक्तदाब कुणी मोजल्याचं मी तरी ऐकलं नाही. इथल्या शाळेतली सगळी मुलं मी मोजणार. मे महिन्यात पुण्याला डॉक्टरांची सभा आहे, तिथं तो तक्ता मांडायचा. हेडमास्तर विष्णुपंतांनी होकार दिला आहे. वाईचा अनंता उंब्रजला नुसत्या औषधाच्या बाटल्या भरत बसला नव्हता, हे चार लोकांना कळू दे.

१९ फेब्रुवारी

पोरं यंत्राला घाबरतात. फुगा दाबला की पट्टा आवळतो आणि हा डॉक्टर आता हात तोडणार असं त्यांना वाटतं. एक तर पट्ट्यासकट पळालं. शेवटी मी विष्णुपंतांनाच खुर्चीवर बसवून त्यांचा दंड आवळून दाखवला. मास्तर आवळले गेलेले पाहून वर्गाला असा काही आनंद झाला की त्यानंतर सगळी आपण होऊन रांगेत उभी राहिली.

पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा. लहान पोराला तो खांद्यापासून कोपरापर्यंत होतो. लष्करात लहान पोरं नसतात, त्याला कोण काय करणार? चालवून घेतो आहे.

खरी अडचण ताईतांची. इथं निम्म्या-अधिक पोरांच्या उजव्या दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत बांधलेला. गेल्या वर्षी इथं नवा असताना मी एका पोराचं गळू फोडायला म्हणून असा दोरा कात्रीनं कापला होता. दोऱ्याखालीच पू होता. गळू बरं झालं, पण पुढं कित्येक महिने माझ्या दारात कुत्रं फिरकलं नाही. दुधानं तोंड पोळल्यावर आता ताक फुंकून पितो. म्हणून नियमच केला: ताईत असो वा नसो, प्रत्येक पोराचा डावा दंड. कुणाच्या देवाला हात लावायला नको, भांडण नको, आणि सगळे आकडे एकाच दंडाचे म्हणून तक्ताही नीटनेटका. अंगात रक्त एकच फिरतं. शितावरून भाताची परीक्षा करायची असते, सगळं पातेलं उपसायचं नसतं. ह्या युक्तीचा मला मनातून फार अभिमान वाटतो आहे.

२६ फेब्रुवारी

आज सातवीतला कृष्णात आला. वय पंधरा. बाप लढाईत इटलीला गेला तो परत आला नाही, त्या गोंधळात पोराची शाळेची वर्षं बुडाली. तालमीत जातो. सदरा काढून बसला तेव्हा मी बघतच राहिलो. छाती, खांदे, मान एखाद्या जवानाची आणि पाय नुसत्या काड्या. म्हटलं, "काय रे, वरचा पैलवान आणि खालचा बगळा, अशी जोडणी कुठं करून घेतलीस?" वर्ग हसला, तोही हसला. हसरं पोर आहे.

"बैठका मारतो की, डाक्टर. पर पाय लवकर भरून येत्यात. पळालं तर पोटऱ्यांत गोळं."

"दूध पी," म्हटलं.

डावा दंड: एकशे आठ, सत्तर. वयाला शोभेसा. उजव्या दंडाला हा जाडजूड चांदीचा ताईत, दोरा मांसात रुतलेला. जाताना तो यंत्राच्या पाऱ्याकडं पुन्हा एकदा वाकून बघत होता. "ह्यो वर चढतोय ते माजं रगत चढवतंय व्हय?" हो म्हटल्यावर खूश झाला.

७ मार्च

कृष्णातची आई धोंडुबाई त्याला घेऊन दवाखान्यात आली. घोळणा फुटला होता, सदऱ्याचा पुढा लाल. डोक्यावर पाणी थापून, नाक दाबून थांबवला. तोवर कुणीतरी कांदा फोडून आणला, तोही हुंगवला. चालायचंच.

"म्हैन्यातनं चारदा फुटतोया, डाक्टर. आन् सकाळी उठलं की डोस्कं धरून भितीला टेकून बसतंय. कानात ढोल वाजतोया म्हणतंय."

मग तिनं स्वतःचं सांगितलं. तीन मुलं पाळण्यातच गेली. हा चौथा. बाराव्या दिवशी देवाला बोलून ताईत बांधला, तो ह्याला हळद लागेपर्यंत सोडायचा नाही. दोरा वाढवायचा झाला तर अमावास्येला, तोही गुरवाच्या हातानं. पोर मोठं झालं आणि त्याचा बापच गेला. आता ती एकटी आणि हा एकटा.

"तालीम सोड म्हणून सांगा की त्येला. माजं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल."

मी डावा दंड मोजला. एकशे दहा, सत्तर. उन्हाळा लागलाय, अंगात उष्णता आहे, असं सांगितलं. तालीम सोडायला कारण काय? यात्रेतल्या कुस्तीसाठी पोरगं मेहनत करतं आहे. तिथं कोल्हापूरच्या तालमीचे लोक बघायला यायचे आहेत. माझ्या एका शब्दानं त्याचं नशीब बंद व्हायचं. खरं लिहायचं तर मला तिची कीव आली आणि थोडा कंटाळाही आला. एकुलत्या एकाच्या आईला पोराची शिंकसुद्धा शेवटची वाटते.

तोंडानं मात्र म्हटलं, "बाई, मोजून बघितलंय. यंत्र खोटं बोलत नाही." ती उठली. नमस्कार करून गेली.

१६ मार्च

तालमीचा वस्ताद हंबीरराव आला. भारदस्त माणूस, खुर्चीत मावत नाही म्हणून ओट्यावरच बसला.

"डाक्टरसायेब, पोरगं खरंच बरं हाय न्हवं? यात्रेला त्येची कुस्ती लावलीया. जितला तर कोल्हापूरकर न्हेत्यात. खाणं-पिणं, दूध, समदं त्यांचं. आईच्या जिवाचा घोर मिटंल."

"बरा आहे की. मोजलाय मी त्याला."

"न्हाई, मालिश करताना त्येचं पाय हाताला लागत्यात. उनाचं बी गार. डोकं थंड, पाय गरम असावं म्हणत्यात. ह्येचं समदं उलटं."

म्हटलं, "वस्ताद, पाय वापरले तर गरम होतील. बैठका वाढवा." तो हसला आणि "बरं, वाढवतो," म्हणून गेला. मला लोक असे विचारायला येतात, हे लष्करातून परतल्यावर पहिल्यांदाच होतं आहे. बरं वाटतं.

तक्ता जवळजवळ पुरा झाला. वयाप्रमाणं आकडे कसे पायरीपायरीनं चढत जातात ते पाहून रात्री जेवणही नीट गेलं नाही. शरयू म्हणते, आकडे खाऊन पोट भरत असेल तर उद्यापासून पीठ दळायचं थांबवते.

२७ मार्च

आज एक विचित्र प्रकार झाला, तो सविस्तर लिहितो.

तालमीत कृष्णातचा डावा कोपर सोलवटला. धोंडुबाई घेऊन आली. तांबडी माती भरलेली जखम धुवून, औषध लावून पट्टी बांधली. डोकं चार दिवस ठणकतंय म्हणाला, म्हणून रक्तदाब बघायचं ठरवलं. पण डाव्या हाताला तर मलमपट्टी, नुसतं शिवलं तरी पोर कळवळायचं. उजव्याला ताईत.

मी धोंडुबाईला विचारलं, थोडा वेळ सोडता येईल का. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "सोडाय कसं यायचं, डाक्टर? त्येच्या हळदीला सोडायचा बोललीया मी." मी रागावलो नाही. आवाज चढवला नाही. तिला समजावलं की तुम्हीच म्हणता डोकं दुखतं, मग बघायचं कसं? देव आईला समजून घेतो. मी काही कापत नाही, तुम्हीच तुमच्या हातानं सोडा. बराच वेळ ती उंबऱ्याकडं बघत बसली होती. मग उठली, तोंडानं काही पुटपुटली आणि दातानं गाठ सोडवली. दोरा निघाला तेव्हा दंडावर खोल वळ होता. ताईत तिनं पदराच्या टोकाला बांधला आणि ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पोर रडायला आलं होतं.

उजवा दंड: एकशे शहाण्णव, एकशे दहा.

मी पट्टा काढून पुन्हा बांधला. एकशे नव्वद. पारा तिथं ठोका देत उभा होता.

माझ्या सबंध तक्त्यात ह्याच्या जवळपास जाणारं एकही पोर नाही. मग नीट विचार केला. एक, पोर भेदरलेलं. भीतीनं मुलांचा रक्तदाब भराभर चढतो, हे मी शाळेत रोज बघतो. दोन, उजवा दंड डाव्याच्या मानानं चांगलाच भरलेला. जाड दंडावर आकडा फुगतो असं पुस्तकात आहे. तीन, पंधरा वर्षं दोऱ्यानं आवळलेला दंड, आतल्या नसा कडक झाल्या असणार. ह्याच पोराचा आकडा मी दोनदा घेतलाय, दोन्ही वेळा उत्तम. दोन खऱ्यांपुढं एक खोटा.

धोंडुबाईला म्हटलं, "घाबरलाय तो, बाकी काही नाही. कोपर वाळला की आणा, डावा बघू." ती म्हणाली, "मग आता ताईत?" मी म्हटलं, बांधा की. ती म्हणाली, आता अमावास्येपर्यंत बांधता येत नाही. अमावास्या यात्रेच्या नंतर येते.

३१ मार्च

कृष्णातचा कोपर वाळला. डावा दंड: एकशे दहा, बहात्तर. बघा, मी म्हटलं नव्हतं? जीव भांड्यात पडला. उजव्याला पट्टा लावलाच नाही. पुन्हा तो वळ आणि पुन्हा त्या बाईचा चेहरा बघायची इच्छा नव्हती.

हंबीररावही त्याच्याबरोबर आला होता. त्याला सांगितलं, खुशाल लढवा. पोरगं तिथल्या तिथं उडी मारून दोन पावलं नाचलं आणि लगेच पोटरी धरून खाली बसलं, म्हणून आम्ही सगळे हसलो.

६ एप्रिल

यात्रा. फडावर मीही गेलो होतो. हलगी वाजत होती, माणसांवर माणसं. मला पुढं बसायला जागा दिली, डॉक्टर म्हणून.

कृष्णातचा उजवा दंड मोकळा होता. आखाड्यात उतरल्यावर त्याचा हात सवयीनं तिकडं जायचा. समोरचा पोरगा पायानं चपळ होता, कृष्णात हातानं जबर. त्यानं समोरच्याला कमरेत धरून उचललं, मातीपासून वर, आणि तसाच धरून ठेवला. छातीच्या, मानेच्या शिरा टरारल्या. लोक उभे राहिले. मग त्यानं त्याला हळूच खाली ठेवलं. टाकला नाही, ठेवला. दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं आणि बसला. समोरच्याला कळेना काय करावं. तोही शेजारी बसला आणि त्याला हलवू लागला.

मी पोचलो तेव्हा त्यानं वांती केली होती. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. बैलगाडीतून दवाखान्यात आणला. यंत्र लावलं. उजवा दंड दोनशे तीस. डावा एकशे वीस. पुढं मला काही लिहवत नाही.

७ एप्रिल

कृष्णात गेला. दुपारी. धोंडुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवटी मीच तिला सांगितलं, तेव्हाही ती पदरानं त्याला वारा घालत होती.

१२ एप्रिल

गावात एकच बोलणं आहे: ताईत सोडला म्हणून पोरगं गेलं. आईनंच दातानं गाठ सोडली. पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं. माझं नाव त्यात फारसं नाही. 'डाक्टर म्हणंल, पर आईला कळाय नको?' असं बोलतात. हंबीररावही मान खाली घालून हेच म्हणाला.

एरवी मी अशा बोलण्यावर तुटून पडलो असतो. आज गप्प बसलो. खरं लिहायचं तर आयुष्यात पहिल्यांदा ताईताचे आभार मानावेसे वाटले. मेंदूत रक्तस्राव झाला, तो कुणाला चुकवता येत नाही. दोन दंडांत फरक पडला तो त्या झटक्यामुळं पडला असणार. असं मी स्वतःला सांगतो. मग सत्तावीस मार्चचा आकडा आठवतो. तेव्हा झटका आला नव्हता.

धोंडुबाई जेवत नाही म्हणतात. तोंडात दात ठेवणार नाही म्हणून दगडानं मारून घेत होती, बायकांनी धरलं.

२० एप्रिल

मिरजेला जाऊन आलो. आमचे जुने सर निवृत्त होऊन तिथं राहतात. तक्ता दाखवायला जातो असं शरयूला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं होतं.

सरांनी चष्मा लावून तक्ता वाचला. "चांगली मेहनत आहे," म्हणाले. "दोन्ही दंड घेतलेस?"

"डावा फक्त."

"का?"

मी ताईताचं सांगितलं. सर हसले नाहीत. मग मी कृष्णातचं सगळं सांगितलं. छाती, काड्यांसारखे पाय, पोटऱ्यांतले गोळे, घोळणा, गार पाय, दोन्ही दंडांचे आकडे. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं.

सरांनी कागदावर आकृती काढली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी. डोक्याकडं आणि उजव्या हाताकडं जाणारे फाटे फुटले की त्याच्यापुढं, तिथं, जन्मापासून आवळलेली. आवळलेल्या जागेच्या अलीकडं रक्त तुंबणार, म्हणजे डोकं आणि उजवा हात. पलीकडं कमी पडणार, म्हणजे डावा हात आणि दोन्ही पाय. "जांघेतली नाडी चाचपली असतीस तरी लागली नसती," म्हणाले. "पंधरा वर्षं त्याचा उजवा हात खरं सांगत होता, अनंता. डावा हात त्या आवळलेल्या जागेच्या पलीकडचा."

मी विचारलं, मला कळलं असतं तर पोर वाचलं असतं का. सर म्हणाले, परदेशात एक-दोघांनी छाती उघडून असा भाग कापून जोडलाय, नुकताच. इथं ते नाही. "पण कुस्ती थांबवता आली असती. आणखी काही वर्षं मिळाली असती. लग्न बघितलं असतं आईनं."

परतीच्या गाडीत समोर एक बाई पोराला दूध पाजत होती. मी खिडकीकडं तोंड करून मसूर स्टेशन येईपर्यंत रडलो.

२३ एप्रिल

शरयूला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तिला सांगू नका. सांगून पोर परत येणार नाही. उद्या इथं कुणी पाय ठेवला नाही तर ह्या गावांनी कुणाकडं जायचं? त्या गुरवाकडं?"

तिचं चूक नाही. मिरजेहून आल्यापासून मीही ह्याच आधारावर दिवस काढले. पण ती बाई स्वतःचे दात फोडून घेते आहे. तिनं गाठ सोडली म्हणून पोर गेलं नाही, हे गावात मला आणि शरयूलाच माहीत आहे. मी गप्प बसलो तर ती हे घेऊनच मरेल. मला भीती वाटते, एवढं सरळ लिहून ठेवतो.

२५ एप्रिल

धोंडुबाईकडं गेलो. जोत्यावर बसली होती. बसायला घोंगडं टाकलं. ओठ सुजलेला. पुढचा एक दात नाही.

सगळं सांगितलं, तिला कळेल असं. की पोराच्या छातीतली मोठी नस जन्मापासून आवळलेली होती. की डाव्या हातात ते दिसत नव्हतं, उजव्यात दिसत होतं. की ताईताचा ह्यात काही संबंध नाही, सोडल्यानं काही झालेलं नाही. की चूक माझी.

ती खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मंजी म्या ताईत सोडला, त्या दिशी तुमाला दिसलं हुतं?"

"हो."

"खरं हुतं त्ये?"

"खरं होतं."

"मग मला घाबरलाय म्हणला."

मी हो म्हटलं.

घरात कोंबडी फिरत होती, तिला तिनं हात करून बाहेर काढलं. "म्या माज्या देवाचं मोडलं, डाक्टर. तुमचं ऐकलं. आन् तुमी तुमच्या यंत्राचं बी न्हाई ऐकलं."

मी उठू लागलो तर म्हणाली, "मला एकलीला सांगून काय हुतंय? मला रोज ह्या गावातनं पाणी आणाय लागतंय. ह्येच बाजारात सांगा. समद्यांच्या म्होरं."

२८ एप्रिल

आज बाजार. आसपासच्या गावांची माणसं होती. शरयूनं सकाळी मला धुतलेला सदरा काढून दिला.

पिंपळाच्या पाराजवळ उभा राहिलो आणि सांगितलं. मी कधी लोकांसमोर बोललेलो नाही. छातीतली नस, दोन हात, एकशे शहाण्णवचा आकडा, सगळं. म्हटलं, "धोंडुबाईनं ताईत सोडला ते बरोबर केलं. त्यामुळंच मला खरं दिसलं, आणि मी ते मानलं नाही. पोर माझ्या चुकीनं गेलं. तिला कुणी बोल लावू नका."

हंबीररावानं पटका काढून डोळे पुसले. मला वाटलं, आता कुणी तरी दगड उचलेल. उचलावा असंही वाटत होतं.

मग मिरच्यांच्या ढिगाजवळचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, चांगल्या मोठ्यानं, "लय मोठ्या मनाचा डाक्टर हाय. बाईला लोकांच्या तोंडातनं सोडवाय सगळं सवताच्या अंगावर घ्यायला लागलाय." आणि ते गर्दीतून पुढं सरकत गेलं. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. एकानं माझ्या पायाला हात लावला. मी ओरडून सांगितलं की हे खरं आहे, मी खोटं बोलत नाही. तेवढ्यानं त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला. हंबीररावानं माझा हात धरला आणि म्हणाला, "बास झालं, सायेब. समजलं आमाला."

दवाखान्यात आज बसायला जागा नव्हती. दूरदूरची माणसं आली होती. आलेल्या प्रत्येक पोराच्या उजव्या दंडाला ताईत नवीन दोऱ्यानं घट्ट आवळलेला होता. मी सोडा म्हटलं की आया म्हणायच्या, "नगं डाक्टर, तुमी देवमाणूस हायसा, पर ह्ये नगं." एकीनंही सोडला नाही.

मी बोलत होतो तेव्हा धोंडुबाई बांगडीवाल्याच्या पालापाशी उभी होती. म्हातारा बोलला ते तिनंही ऐकलं. तिच्या आजूबाजूच्या बायका बाजूला सरकल्या. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्या सबंध बाजारात माझं बोलणं खरं मानणारं एकच माणूस होतं, आणि ते आपली टोपली उचलून घराकडं चाललं होतं.